डोंगरटोल्याची फुलं

सकाळी सहाला गच्चीवर चादर झटकल्याचा आवाज आला म्हणून वर गेलो. मायनं जुनी निळी चादर अंथरली होती आणि गुडघ्यांवर बसून ती तिच्यावर मोहफुलं पसरत होती. एकेक फूल सुटं, एकाला दुसरं चिकटणार नाही असं. फिकट पिवळी, रसानं फुगलेली फुलं. काल आम्ही दोघं ती डोंगरटोल्याहून घेऊन आलो. डोंगरटोला म्हणजे मायचं माहेर. साकोलीच्या पुढे, जंगलाला टेकलेलं वीस-पंचवीस घरांचं गाव.

चादर तिनं पाण्याच्या टाकीमागे अंथरली नव्हती, गच्चीच्या मधोमध अंथरली होती. नागपूरच्या महालात राहणाऱ्याला यातली गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. आमच्या गल्लीत घरं इतकी जवळ की एका गच्चीवर वड्या पडल्या की दुसरीवरून विचारणा होते, मुगाच्या की उडदाच्या. इथे मधोमध काही वाळत घालणं म्हणजे गल्लीला सांगणं.

मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. वास यायला लागला होता. मोहाचा वास कसा असतो हे मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलंय आणि दरवेळी अर्ध्यात सोडून दिलंय. पिकलेल्या खरबुजासारखा, जुन्या गुळासारखा, आणि त्याच्याही खाली कुठेतरी पेटीत घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखा. मागच्या उन्हाळ्यापर्यंत हा वास मला माहीत नव्हता. तो आमच्या घरात शिरू नये म्हणून मायनं चाळीस वर्षं काळजी घेतली होती, हेही माहीत नव्हतं. हे सगळं मला कळलं ते बीअरमुळे. आता हे वाक्य मी घरात मोठ्यानं म्हणू शकतो. मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला नसतो म्हणू शकलो.

माझं शिक्षण बी.एस्सी., केमिस्ट्री. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी सांगतो, कोणी विचारलं नाही तरी सांगतो, आणि त्यात मला काही लाज वाटत नाही. बाबा महालात सायकल रिक्षा चालवायचे. संध्याकाळ झाली की स्टँडवरचे बहुतेक जण दुकानाकडे वळायचे आणि बाबा घराकडे. मायला आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान. नवरा रिक्षा ओढून प्यायला नाही, आणि पोरगा बी.एस्सी. झाला.

या दोन गोष्टी एका कागदावर एकत्र आल्या होत्या. माझ्या लग्नाच्या वेळचा बायोडाटा. उंची, रंग, शिक्षण, नोकरी, आणि त्याखाली एक ओळ: मुलगा निर्व्यसनी आहे. ती ओळ मीच टाइप केली होती आणि ती खरी होती. माय दुसरी शिकलेली, सगळं काही वाचता येत नाही, पण ती ओळ कागदावर कुठे आहे हे तिला पाठ. पाहुण्यांसमोर बरोबर तिथे बोट ठेवायची. लग्नाला नऊ वर्षं झाली, कागद कुठे गेला कोण जाणे, पण माय तो शब्द अजून वापरायची. भाजीवालीजवळ, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत. "माहा बाबू सुपारीबी खात नाही," असं म्हणताना तिची मान जरा ताठ व्हायची.

नोकरी मौद्याच्या वीजकेंद्रात, पाण्याच्या लॅबमध्ये. बॉयलरला साधं पाणी चालत नाही. त्यातले सगळे क्षार काढून टाकावे लागतात, एक कणही राहता कामा नये. म्हणजे जगातलं सगळ्यात बेचव पाणी बनवणं हे माझं काम. पंधरा वर्षं मी पाण्यातून चव काढतोय आणि चांगली काढतोय. वर्षा, माझी बायको, म्हणते की म्हणूनच मला तिच्या भाजीत मीठ कमी-जास्त झालेलं कळत नाही. वर्षा शाळेत शिकवते, त्यामुळे तिचे टोमणेही समजावून सांगितल्यासारखे असतात.

मागच्या वर्षी तिच्या वाढदिवसाला आम्ही अमरावती रोडवर, शहर विरळ होत जातं तिथे, एका नव्या जागी दुपारी जेवायला गेलो. होळी अजून यायची होती. कूलरमधलं गवत बदलायचे दिवस. रस्त्यावर पोरींनी तोंडांना ओढण्या गुंडाळायला सुरुवात केलेली. आत गेलो तर काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या. मला एकदम ड्यूटीवर आल्यासारखं वाटलं. त्या टाक्या, ते पाइप, ती दाबाची घड्याळं, सगळं ओळखीचं. जेवणाचं हॉटेल म्हणून गेलो होतो, निघाली बीअर बनवायची जागा.

"वर्षा, इथं बीअर मिळते."

"मिळते काय, बनते. मला माहीत आहे, म्हणून तर आणलं."

"आपण नाही पीत."

"तुम्ही नाही पीत कारण तुम्हाला वाटतं बीअर म्हणजे मित्राच्या हॉस्टेलवर पाहिलेली ती कोमट बाटली," ती म्हणाली. "अहो, चार लहान लहान घेऊ. नाही आवडलं तर सोडून देऊ. बायोडाटा माझ्याकडेच आला होता ना? मी तक्रार करणार नाही."

एका लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आले. घेऊन आला तो मालकच, निखिल, तिशीतला, दाढीवाला, चाल रबरी बूट घातलेल्या माणसाची. इथलाच, काटोलकडचा. पुण्याला शिकला, तिकडेच हे काम शिकला, आणि परत आला. पहिला ग्लास माझ्यासमोर सरकवून म्हणाला, "सर, आधी वास घ्या. आमच्या बागेतल्या संत्र्याची साल आहे."

मी वास घेतला. गव्हाची ढगाळ, पिवळसर बीअर. आणि त्यात ते, जे आपण नागपूरचे लोक बोटांना दिवसभर घेऊन फिरतो. संत्रं सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो आणि डोळ्यात गेला की झोंबतो, तो. मी नागपुरात जन्मलो, हजारो संत्री खाल्ली, आणि सालीला चव असते हे मला त्या दिवशी कळलं. दुसरी काळी होती. मी नाक मुरडलं आणि घोट घेतला, तर भाकरीचा करपलेला पापुद्रा, जो मी लहानपणी मायच्या हातून ओढून घ्यायचो, तोच तोंडात आला. तिसरी भंडाऱ्याच्या तांदळाची, हलकी, पाण्यासारखी स्वच्छ. चौथीजवळ निखिल थांबला. "ही न हसता पिऊन दाखवा." आंबट होती, आंबिलीसारखी, आणि घोट खाली गेल्यावर मागून हळूच भिवापुरी मिरची आली. वर्षाला ठसका लागला, मग हसू, मग तिनं तो ग्लास आपल्याकडे ओढून घेतला तो परत दिलाच नाही.

मला नशा झाली का? चार घोटांत काय होणार. पण त्या दिवशी ऑटोतून घरी येताना मी त्या टाक्यांचाच विचार करत होतो. पंधरा वर्षं पाण्यातून सगळं काढून टाकणारा माणूस, आणि इथे एक माणूस त्याच पाण्यात गहू, साल, मिरची, अख्खा मुलूख घालत होता. मला त्याचा हेवा वाटला, खरं सांगतो.

मग सवय लागली. व्यसन नाही म्हणणार, कारण तो शब्द आमच्या घरात फार जड आहे. रविवारी दुपारी, दोन आठवड्यांतून एकदा, ऑटोनं जायचं, ऑटोनं यायचं. निखिल दर वेळी काहीतरी नवीन काढायचा. गंगापूरच्या बोरांची एक होती, फसली. जांभळाची करणार होता, पण जांभूळ यायला वेळ होता. एकदा त्यानं आम्हाला हॉप्स दाखवले. हॉप्स म्हणजे बीअरला कडूपणा देणारी परदेशी वेलीची हिरवी फुलं. ती चुरगळून त्यानं वर्षाच्या हातावर ठेवली. तिनं दिवसभर हात धुतला नाही. काटोलचा शेतकऱ्याचा पोरगा, मौद्याचा केमिस्ट आणि शाळेतली बाई, तिघं एका टेबलावर बसून कडूपणाबद्दल बोलतोय. वरून पंखे फिरतायत, बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालंय. असल्या दुपारी नागपुरात शहाणी माणसं घरात झोपतात. आम्ही तेवढे शहाणे राहिलो नव्हतो.

मायला आम्ही सांगायचो, जेवायला चाललो. तेवढं खरं होतं. परत येताना मी बडीशेप चघळायचो, मूठभर. आमच्या घरात बडीशेप भराभर संपायला लागली आणि माय ती मुकाट्यानं भरत राहिली. मला वाटलं, जमलं.

चैत्र लागला तेव्हा निखिलनं मोहाची बीअर केली. फोन करून बोलावलं. "सर, ही जमली ना, तर आपल्या विदर्भाची बीअर म्हणून कुठंही नेऊन ठेवीन." पूर्वी मोहफूल घरात सापडलं तरी पोलीस विचारायचे, आता ती बंदी सैल झालेली. त्यानं कुठल्याशा व्यापाऱ्याकडून दोन पोती मागवली होती. ग्लास समोर आला, सोनेरी, सुंदर. घोट घेतला आणि मी आणि वर्षानं एकमेकांकडे पाहिलं. आधी गोड, मग जीभ ओढून घेणारं काहीतरी तुरट, आणि शेवटी पावसाळ्यातल्या गोणपाटाची चव.

निखिलला आमच्या तोंडावरूनच कळलं. तो खुर्चीत बसला. "सर, तुम्ही केमिस्ट. सांगा ना काय चुकून राहिलं?"

मी सामू विचारला, तापमान विचारलं, टाकी कशानं धुतली ते विचारलं. सगळं बरोबर होतं. मग म्हटलं फुलं दाखव. त्यानं ओंजळभर सुकी फुलं आणली, काळपट, मनुकांसारखी सुरकुतलेली. मी लॅबमध्ये पाहतो म्हणून ती रुमालात बांधली. रुमाल शर्टाच्या खिशात ठेवला. आणि विसरलो.

आमच्या घरी कपडे धुवायच्या आधी माय खिसे तपासते. बाबांच्या खाकी शर्टापासूनची सवय. घरी मशीन आली तरी तिची सवय सुटली नाही. हे मला बाळपणापासून माहीत आहे. तरी विसरलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मौद्याच्या बसमधून उतरून घरी आलो. माझ्या चहाच्या कपाशेजारी स्टीलची वाटी होती. वाटीत मोहफुलं. माय समोर बसली होती, भाजी न निवडता, काही न करता. माय अशी रिकामी बसलेली मी बाबा गेले तेव्हाच पाहिली होती.

"हे तुह्या खिशात होते."

मी तयार होतो. पितोस का, कधीपासून, बाबा असते तर काय म्हणाले असते, सगळ्याला तयार होतो. मायनं वाटीतलं एक फूल उचललं, नखानं उकललं आणि माझ्या समोर धरलं.

"कोणं वाळवले हे?"

"काय?"

"सावलीत वाळवले. अन् अर्धे ओले असतानाच पोत्यात कोंबले. डाग पाह्य ना कसा पडला. आतले केसर तसेच आहे. कोण्या येड्यानं केलं हे?"

"माय, तुले कसं माहीत?"

तिनं फूल परत वाटीत टाकलं. "अन् तू याची दारू पेला."

"हो. दारू नाही वं माय, बीअर आहे. थोडी. वर्षाबी येते." वर्षाचं नाव त्या वाक्यात घातल्याबद्दल मी आजही ऐकून घेतो.

"कधीपासून?"

"तिच्या वाढदिवसापासून."

"म्हणजे होळीच्या आधीपासून," माय म्हणाली. "अन् मी तवापासून गल्लीत सांगून राहिली, माहा बाबू सुपारीबी खात नाही."

ती उठून आत गेली. मी बसलो. चहावर साय धरली.

पुढचे चार दिवस माय बोलली नाही. जेवायला वाढायची, पोळी तव्यावरून थेट ताटात यायची, नेहमीसारखी गरम. फक्त ताटाशेजारी बडीशेपेची बरणी ठेवलेली असायची. झाकण उघडून. तिला बडीशेपही माहीत होती. वर्षा तोंडावर पदर घेऊन हसली एकदा, आणि मग तिलाही हसू येईना. त्या चार दिवसांत मी बरंच काही ठरवलं. आता जायचं नाही. मग ठरवलं, जायचं, मी चाळिशीचा माणूस, कमावता. मग परत ठरवलं, नाही. बीअर सोडणं मला काही अवघड नव्हतं. अवघड होती ती मायची ताठ मान. ती मी खाली आणली होती. आणि ती खोट्यावर परत उभी करता येत नव्हती.

पाचव्या दिवशी समोरच्या घरच्या गिरडेकाकू आल्या. त्यांच्या मुलासाठी मुली पाहणं चाललं होतं. हातात वही, पेन. "सुशीलाबाई, तुमच्या बाबूच्या कागदावर ते कसं लिहिलं होतं वं? निर्व्यसनी की काय? मी म्हटलं तुमच्या बाबूसारखंच लिहावं."

मी आतल्या खोलीत होतो. मायनं काय सांगावं असं मला वाटत होतं? खरं सांगायचं तर, तिनं खोटं बोलावं असं वाटत होतं.

"माहा बाबू बीअर पेते कधीमधी," माय म्हणाली. आवाज साधा, भाव विचारल्यासारखा. "रविवारी. बायकोसंगं जाते, ऑटोनं येते, घरी येऊन भाकर खाते. आता त्याच्यासारखं म्हणून लिहू नका. तुमचा पोरगा जसा आहे तसं लिहा."

"अवं बाई!" गिरडेकाकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात, "आमच्या पोट्ट्याचं मले काय माहीत वं. म्हणूनच त विचारून राहिली."

दोघी हसल्या. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून राहिलो. माझ्यासाठी इतकी वर्षं वापरलेला शब्द तिनं एका वाक्यात काढून ठेवला, पाहुण्यांसाठी काढलेली चादर घडी घालून ठेवावी तसा.

काकू गेल्यावर तिनं हाक मारली. "इकडे ये. तू लपवलं. मीबी लपवलं. आता ऐक."

आणि मी पहिल्यांदा डोंगरटोल्याचं नाव ऐकलं. आम्हाला लहानपणापासून माहीत होतं की मायचं माहेर साकोली. मामा साकोलीला राहायचे, उन्हाळ्यात तिथंच जायचो. मामा साकोलीला नंतर आले, हे कोणी सांगितलं नाही. जन्म डोंगरटोल्याचा. चैत्रात झाडाखालचा पाला झाडून जागा स्वच्छ करायची, आणि उजाडताना टोपल्या घेऊन जायचं. रात्रभर पडलेली फुलं वेचायची. ती म्हणाली, झाडावरून फूल पडताना आवाज येतो. एवढासा. टप. सगळं रान टपटप करत असते. त्या फुलांची भाकर व्हायची, तिळासोबत कुटून लाडू व्हायचे, पावसाळ्यात काही नसलं की उकडून खायची. पोलीस आले की तिची माय फुलांचं गाडगं गोवऱ्यांच्या ढिगात लपवायची. "आम्ही विकत नव्हतो गा. खात होतो. पण पोलिसाले काय फरक?"

लग्न होऊन महालात आली तेव्हा माझ्या आजीनं तिला बजावलं, मोहाचं नाव इथं काढू नको, लोक दारूवाल्याची पोर म्हणतील. ती अठरा वर्षांची होती. तिनं नाव काढलं नाही. फुलाचं नाही, गावाचंही नाही. विचारलं की साकोली.

"अन् बाबांना माहीत होतं?"

"त्याईले माहीत होतं. त्याईले लाडू आवडायचे. एकदा आणले होते मी, लपवून." ती हसली. "तेच त म्हणून राहिली. लपवायची सवय या घरात माही जुनी आहे."

मग तिनं ती मोहफुलांची वाटी पुढे ओढली. "त्या येड्याले भेटव मले. फुलाची इतकी नासाडी म्या पाहिली नाही."

पुढच्या रविवारी सकाळी नऊला, जागा उघडायच्या आधी, मी मायला निखिलकडे घेऊन गेलो. तिनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. दारातून आत येऊन तिनं टाक्या पाहिल्या, चकचकीत फरशी पाहिली, नळ पाहिले. "हे दारूचं दुकान वाटत नाही. दुधाची डेअरी वाटते." निखिल वाकून पाया पडला. तिनं आशीर्वाद दिला आणि लगेच विचारलं, "कोणी जास्त मागितलं त देतो का गा?"

निखिल गोंधळला. मग म्हणाला, "नाही काकू. मी स्वतः टेबलाजवळ जातो. जेवले का विचारतो. नाही जेवले तर आधी जेवण."

"बाया येतात?"

"येतात ना. वहिनी येतात की."

तिनं मान हलवली आणि पोत्यात हात घातला. कोपरापर्यंत. बाहेर काढून नाकाशी नेला. मग तिनं त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन तवा मागितला. फुलं मंद आचेवर परतली, जाड फडक्यात घेतली, दोन्ही तळव्यांनी चोळली आणि सुपात पाखडली. बारीक केसर उडून गेले. राहिलं ते स्वच्छ, तपकिरी, चमकणारं. हॉटेलचा आचारी, निखिल आणि मी, तिघं तिच्याभोवती उभे. पंधरा वर्षं मी लॅबमध्ये उपकरणं वापरतोय. तिच्या तळव्यांसारखं उपकरण आमच्याकडे नाही. तुरटपणा केसरात होता. गोणपाटाची चव अर्ध्या वाळवणात होती. सामू नव्हता, तापमान नव्हतं.

त्या सकाळी गव्हाच्या बीअरचा काढा शिजत होता. त्यात अजून यीस्ट पडलं नव्हतं, म्हणजे दारूचा अंश नाही, फक्त धान्याचं गोड, गरम पाणी. निखिलनं विचारलं, "काकू, चव घेता? यात अजून काही नाही. गव्हाचा काढाच आहे."

मी म्हणालो, राहू दे. मायनं माझ्याकडे पाहिलं. "तू कायले मधात बोलतो?" आणि निखिलकडे हात पुढे केला. "काचेत नको. स्टीलच्या पेल्यात दे."

तिनं दोन्ही हातांनी पेला धरला आणि चहा पितात तसा फुंकर मारून घोट घेतला. डोळे मिटले. आम्ही तिघं वाट पाहत उभे. "गव्हाच्या चिकासारखं आहे," ती म्हणाली. "आता यात ते आंबवायचं टाकशील?" हो, काकू. "मग ते मले नको. पण हे बेस आहे." आणि तिनं पेला संपवला, तळाशी राहिलेलं बोटानं फिरवून.

पोती दोन्ही वाया गेली होती. निखिल म्हणाला, नवीन फुलं मागवतो. माय म्हणाली, "कुठून मागवशील? पडून गेले आता. मोह वर्षातून एकदाच पडते. वर्षभर थांब." तो थांबला. आम्हीही थांबलो. पावसाळा गेला, संत्री आली, थंडी आली. आम्ही दोघं जात राहिलो, आता सांगून. जाताना माय विचारायची, आज कायची आहे. आल्यावर मी सांगायचो. जवसाची, माय. गुळाची. ती तोंड वाकडं करायची किंवा "ते बरं असंल" म्हणायची. बडीशेपेची बरणी परत मांडणीवर गेली. गल्लीत ती आता माझ्याबद्दल काय सांगते मला माहीत नाही. मान ताठ असते, एवढं पाहिलंय.

आणि काल पहाटे मी डोंगरटोल्याच्या झाडाखाली उभा होतो. मायला बेचाळीस वर्षांनी ते झाड सापडेल का ही भीती होती. झाड होतं. तिच्या मैत्रिणीची सून टोपल्या घेऊन आली. उजाडत होतं. मी श्वास धरून ऐकलं. टप. मग दुसरीकडे, टप. तिनं सांगितलं होतं तसंच. माय खाली बसली आणि वेचायला लागली, आणि तिचे हात मी ओळखले नाहीत, इतके ते भराभर चालत होते.

परतीच्या बसमध्ये निखिलचा फोन. "काकूंना द्या ना." फोन स्पीकरवर. "काकू, बीअरला तुमचं नाव देतो."

"माह्या नावाची बीअर? बाप्पा! नको गा. महालात फिरू दे मले." मग ती खिडकीबाहेर पाहत राहिली, टोपली मांडीवर घट्ट धरून. साकोली मागे गेलं होतं. "नाव द्यायचंच असंल त गावाचं दे. डोंगरटोला."

तेच नाव त्याच्याकडच्या फळ्यावर लागेल, पंधरा-वीस दिवसांनी. जमेल की नाही माहीत नाही. निखिलची बीअर आहे, फसूही शकते. बोरांची फसली होती.

आज सकाळी मी जिन्याच्या तोंडाशी हेच सगळं आठवत उभा होतो, तेवढ्यात समोरच्या गच्चीवर गिरडेकाकू आल्या. हातात कपड्यांची बादली. त्यांनी मान वर करून वास घेतला.

"सुशीलाबाई! काय वाळवून राहिल्या वं?"

माय उठली. गुडघ्यांवरची धूळ झटकली. तिनं पदर सारखा केला आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मोहफुलं! माह्या माहेरचे!"

"तुमचं माहेर त साकोली ना?"

"साकोली माह्या भावाचं घर. माहेर डोंगरटोला."

काकू थांबल्या. त्यांच्या बादलीतून पाणी ठिबकत होतं. दुसऱ्या एका गच्चीवरची बाई झाडू थांबवून पाहत होती. माय तशीच उभी राहिली, हात कमरेवर.

"वास मस्त येऊन राहिला," गिरडेकाकू म्हणाल्या. "वाळले की थोडे द्या. काय करते याचं?"

"लाडू. तीळ घालून. शिकवीन तुमाले."

मग ती वळली आणि मला पाहिलं. "तिथं उभा काय राहिला गा? ऊन आलं. तिकडून पसरव."

मी चपला काढल्या आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाला बसलो.